वाचकांचे प्रश्न : नवा सुपरमॅन, नवा दिग्दर्शक आणि जुनाच वाद

गेल्या अंकातील 'सुपरमॅन'वरील टिपणात आम्ही असे लिहिले होते की, सुपरमॅनच्या भूमिकेसाठी डेव्हिड कोरेन्स्वेट यांची निवड योग्य असली तरी तिचे श्रेय अभिनेत्याच्या चेहऱ्यापेक्षा दिग्दर्शक जेम्स गन यांच्या दृष्टीला अधिक जाते. या विधानावर बेळगाव शहरातून, तसेच खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीपासून गोकाकपर्यंतच्या भागातून पत्रे आली. त्यांपैकी बरीच पत्रे रागाची आहेत. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : हेन्री कॅव्हिल यांच्यासारखा सुपरमॅन पुन्हा होणे नाही. 2022 मध्ये त्यांनी स्वतः परत येत असल्याचे सांगितले आणि दोन महिन्यांत त्यांना घरी बसवले गेले. नव्या दिग्दर्शकाने आपल्या मर्जीतला माणूस आणला, असे आमच्या कॉलेजमधील सर्व मित्रांचे मत आहे. हा अन्याय नाही का?
(पदवीचा विद्यार्थी, खानापूर)

उत्तर : कॅव्हिल यांना ज्या रीतीने वागवले गेले ती रीत वाईटच होती, याबद्दल आपल्या मित्रांशी आमचा मतभेद नाही. मात्र घटनांचा क्रम पाहावा. ऑक्टोबर 2022 मध्ये 'ब्लॅक अॅडम' या चित्रपटाच्या अखेरीस कॅव्हिल क्षणभर दिसले आणि त्यानंतर त्यांनी पुनरागमन जाहीर केले. तो निर्णय जुन्या व्यवस्थापनाच्या काळातला होता. नोव्हेंबर 2022 च्या प्रारंभी सुपरमॅन-बॅटमॅनचे चित्रपट काढणाऱ्या डीसी स्टुडिओजची सूत्रे जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांच्या हाती आली आणि डिसेंबरमध्ये कॅव्हिल परतणार नाहीत हे स्पष्ट झाले. म्हणजे शब्द दिला एकाने आणि मोडला दुसऱ्याने. नव्या कारभाऱ्याने जुन्या कारभाऱ्याचे शब्द पाळायचे नसतात, असा प्रघात चित्रपट उद्योगात पूर्वीपासून आहे, आणि तो काही भूषणावह नाही.

निर्णयाचे कारण मात्र कथेत होते. गन स्वतः लिहीत असलेली पटकथा तरुण सुपरमॅनची होती. 2025 च्या चित्रपटात सुपरमॅन जगासमोर येऊन जेमतेम तीन वर्षे झालेली आहेत, तो पहिल्यांदा हरतो तेथून कथा सुरू होते, आणि आपण जे करतो ते बरोबर की चूक याचा गोंधळ त्याच्या मनात अजून संपलेला नाही. कॅव्हिल यांचा जन्म 1983 चा आणि कोरेन्स्वेट यांचा 1993 चा. दहा वर्षांचे हे अंतर मेकअपने झाकता आले असते, परंतु प्रेक्षकांच्या मनातली 2013 ची आठवण कशानेही झाकता आली नसती. झॅक स्नायडर यांच्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये कॅव्हिल यांचा सुपरमॅन अखेरीस खलनायक जनरल झॉडची मान मोडतो आणि मग आक्रोश करतो. तो प्रसंग ज्याने पाहिला आहे तो प्रेक्षक त्याच चेहऱ्याकडे पुन्हा निरागसपणे पाहू शकत नाही. गन यांच्या चित्रपटात शहरात एक अवाढव्य प्राणी धुमाकूळ घालीत असताना सुपरमॅन मध्येच झेप घेऊन एका खारीला उचलतो आणि सुरक्षित जागी ठेवतो. हा सारा प्रकार एक-दोन क्षणांचा आहे. पण राक्षसाशी लढतानाही ज्याचे लक्ष खारीकडे जाते असा नायक गन यांना हवा होता, आणि स्नायडर यांना आपल्याच शक्तीचे ओझे वाहणारा, माणसांत परका राहिलेला नायक हवा होता. दोन्ही कल्पनांना आपापले स्थान आहे. एका कल्पनेसाठी घडवलेला चेहरा दुसऱ्या कल्पनेत तसाच बसवावा, हा हट्ट मात्र आम्हांला पटत नाही.

'मर्जीतला माणूस' या आरोपाविषयी सांगायचे तर तो कोरेन्स्वेट यांना लागू होत नाही. गन यांच्याबरोबर त्यांनी यापूर्वी काम केलेले नव्हते आणि स्क्रीन टेस्ट देऊन ते निवडले गेले. याच भूमिकेसाठी प्रयत्न केलेले निकोलस होल्ट यांना पुढे सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर याची भूमिका मिळाली आणि आमच्या मते चित्रपटातील सर्वांत धारदार काम त्यांचेच आहे. हा आरोप करायचाच असेल तर तो दुय्यम भूमिकांबाबत करावा. गन यांचे बंधू शॉन गन आणि जुने स्नेही नेथन फिलियन हे त्यांच्या चित्रपटांत वारंवार दिसतात आणि याही चित्रपटात आहेत. तेथे आपल्या मित्रांनी अवश्य आवाज उठवावा.

प्रश्न : कॉमिक्समधील पात्र चित्रकाराने रेखाटून ठेवलेले असते. उंची, जबडा, डोळ्यांचा रंग, सारे ठरलेले असते. मग त्याच्याशी मिळताजुळता नट शोधणे एवढेच दिग्दर्शकाचे काम नाही काय? आपण 'दृष्टी' वगैरे मोठे शब्द उगाच वापरता.
(निवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर : गुरुजी, साम्याला किंमत नाही असे आम्ही म्हटलेले नाही, परंतु ते पहिल्या पाच मिनिटांपुरते पुरते. पुढचे दोन तास नटाला काहीतरी करावे लागते.

1988 मध्ये टिम बर्टन यांनी बॅटमॅनच्या भूमिकेसाठी मायकेल कीटन यांना निवडले, तेव्हा हा विनोदी नट, याची उंची बेताची, याला हनुवटी नाही, अशी ओरड झाली. वॉर्नर ब्रदर्सकडे सुमारे 50,000 निषेधपत्रे गेली असे सांगितले जाते, आणि तीही टपालाने, म्हणजे प्रत्येक पत्रासाठी कोणीतरी पाकीट आणि तिकीट खर्ची घातले होते. बर्टन यांचा विचार साधा होता : जो आधीच धिप्पाड आणि देखणा आहे त्याला रात्री वटवाघळाचा वेष चढवण्याची गरजच काय? ज्याच्या आत काहीतरी मोडलेले आहे, तोच असे करील. कीटन यांच्या डोळ्यांत ते मोडलेपण होते. 1989 मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि आज त्याच कीटन यांचे नाव जुने चाहते 'खरा बॅटमॅन' म्हणून घेतात. हीथ लेजर यांना बॅटमॅनचा शत्रू जोकर याची भूमिका मिळाल्यावरही असाच गहजब झाला होता. जानेवारी 2008 मध्ये त्यांचे निधन झाले, जुलैमध्ये 'द डार्क नाइट' प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर ऑस्कर मिळाले. ह्यू जॅकमन यांचे उदाहरण तर आपल्या सिद्धांताच्या थेट विरुद्ध जाते. कॉमिक्समधील वुल्व्हरिन बुटका, सव्वापाच फुटांचा गडी आहे आणि जॅकमन सहा फुटांहून उंच आहेत. 2000 सालापासून त्या भूमिकेत दुसऱ्या कोणाची कल्पना करणेही लोकांना जड जाते.

आता आपल्याच पसंतीचे उदाहरण घेऊ. 1978 च्या 'सुपरमॅन'मधील ख्रिस्तोफर रीव्ह हे चित्राशी सर्वाधिक जुळणारे नट, असे आपण पत्रात लिहिले आहे, आणि ते खरेही आहे. पण निवड झाली तेव्हा ते सडपातळ होते आणि अंगावर मांस चढवण्यासाठी त्यांना कसून व्यायाम करावा लागला. त्या चित्रपटात एक प्रसंग आहे. क्लार्क केंट, म्हणजे चष्मा लावून सामान्य माणूस म्हणून वावरणारा सुपरमॅन, आपली सहकारी लोइस हिच्या घरी आलेला आहे आणि ती आत तयार होते आहे. क्षणभर एकटा असताना तो चष्मा काढतो. खांदे मागे जातात, पाठ ताठ होते, मान उचलली जाते, आवाज खाली उतरतो, आणि आपल्यासमोर दुसराच माणूस उभा राहतो. तो तिला सत्य सांगणार, इतक्यात त्याचा धीर सुटतो. चष्मा पुन्हा चढतो, पाठीला पोक येतो आणि आवाज पूर्वीसारखा चिरका होतो. कॅमेऱ्याची कोणतीही करामत नाही, वेषात बदल नाही, जे काही घडते ते रीव्ह यांच्या पाठीच्या कण्यात घडते. चष्म्याआडचा माणूस ओळखू कसा येत नाही, हा लहान मुलेही विचारतात तो प्रश्न त्या एका प्रसंगाने निकालात काढला. आपल्या जबड्याच्या मोजमापात हे कोठे बसते, ते आपणच सांगावे.

प्रश्न : बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांत आमचे मंडळ दरवर्षी जिवंत देखावा सादर करते. महाराजांच्या भूमिकेसाठी कोणाला उभे करायचे यावरून दरवर्षी वाद होतो आणि बहुतेक वेळा ज्याला घोड्यावर नीट बसता येते त्याची निवड होते. चित्रपटातही अखेर नटच दिसतो, दिग्दर्शक दिसत नाही. मग आपण दिग्दर्शकाला इतके महत्त्व का देता?
(मंडळाचा कार्यकर्ता, शहापूर, बेळगाव)

उत्तर : महाराजांची तुलना कोणत्याही काल्पनिक नायकाशी करण्याचा आपला हेतू नाही आणि आमचाही नाही, हे प्रथम नमूद करतो. पण आपल्या पत्रातच उत्तराचा अर्धा भाग आहे. मध्यरात्र उलटल्यावर मिरवणूक खडे बाजाराच्या बाजूला सरकू लागते, तेव्हा एकामागून एक येणाऱ्या चित्ररथांपैकी लोकांच्या लक्षात राहतो तो कोणता? ज्यात प्रसंग नेमका निवडलेला आहे, संवाद आटोपशीर आहेत, दिवा कोणावर आणि कधी पडायचा हे कोणीतरी ठरवलेले आहे, तो. महाराजांच्या वेषातील तरुण गेल्या वर्षी वेगळा होता हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. आणि प्रसंग फसला तर उत्तम घोडेस्वारही नुसता ताटकळत बसलेला दिसतो.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर 2015 हे वर्ष पाहावे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जॉश ट्रँक यांचा 'फँटास्टिक फोर' आला. चार नायकांपैकी जॉनी स्टॉर्मच्या भूमिकेत मायकेल बी. जॉर्डन होते. कॉमिक्समधील गोऱ्या पात्रासाठी कृष्णवर्णीय नट का, यावरून प्रदर्शनापूर्वी इतका विखारी वाद झाला की चित्रपटाच्या बाकी कशाचीच चर्चा झाली नाही. चित्रपट साफ कोसळला आणि 'आम्ही सांगत होतो' असे म्हणणारे पुढे सरसावले. वास्तविक दिग्दर्शक आणि स्टुडिओ यांचे पटले नव्हते, चित्रपटाचा मोठा भाग पुन्हा चित्रित करावा लागला होता, आणि नंतर चित्रित केलेल्या दृश्यांत केट मारा यांच्या डोक्यावरचा केसांचा टोप इतका उघड दिसतो की एकाच प्रसंगातील कोणता तुकडा आधीचा आणि कोणता नंतरचा हे सामान्य प्रेक्षकालाही ओळखता येते. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ट्रँक यांनीच, वर्षभरापूर्वी आपल्याकडे याहून चांगली आवृत्ती होती असे जाहीरपणे लिहिले आणि नंतर ते पुसून टाकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रायन कूगलर यांचा 'क्रीड' आला. नट तेच, मायकेल बी. जॉर्डन, आणि त्यांच्या कामाची सर्वत्र वाहवा झाली. 2018 मध्ये कूगलर यांच्याच 'ब्लॅक पँथर'मध्ये त्यांनी उभा केलेला किलमाँगर हा खलनायक नायकाच्या तोडीचा ठरला. अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने आलेल्या दोन चित्रपटांत एकाच माणसाचे एवढे अंतर पडते, ते चेहऱ्यामुळे असू शकत नाही.

जॉनी स्टॉर्मच्याच भूमिकेत 2005 आणि 2007 मध्ये ख्रिस एव्हान्स होते. उथळ, टवाळखोर तरुण म्हणून त्यांच्यावर शिक्का बसला होता. त्यामुळे 2011 मध्ये ते कॅप्टन अमेरिका होणार म्हटल्यावर अनेकांनी नाके मुरडली. पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे.

यावर आपण असे विचारू शकता की, दिग्दर्शक एवढा महत्त्वाचा तर हे स्टुडिओ अनुभवी माणसाऐवजी भयपट किंवा छोटे चित्रपट करणाऱ्यांना का बोलावतात? सॅम रेमी यांनी 'स्पायडर-मॅन'पूर्वी 'द इव्हिल डेड' केला होता. गन यांची सुरुवात ट्रोमा या अत्यंत स्वस्त आणि बऱ्याचदा बीभत्स चित्रपट काढणाऱ्या कंपनीत झाली. ख्रिस्तोफर नोलन 'मेमेंटो' करून आलेले होते. याचे एक कारण कौतुकाचे आहे, कमी पैशांत ज्याने काही वेगळे करून दाखवले त्याच्याकडे स्वतःचे म्हणणे असते. दुसरे कारण तितके कौतुकाचे नाही. नवखा दिग्दर्शक स्वस्त पडतो आणि त्याला दटावता येते. ट्रँक यांनाही 'क्रॉनिकल' या छोट्या, चांगल्या चित्रपटाच्या बळावरच बोलावले होते. नोलन यांना मोकळे सोडले, ट्रँक यांना सोडले नाही.

प्रश्न : वीस वर्षांत तीन स्पायडर-मॅन! मुले प्रत्येक वेळी नवी तिकिटे मागतात. ही निव्वळ पैसे उकळण्याची युक्ती आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.
(एक पालक व दुकानदार, अथणी)

उत्तर : आपले मत धंद्यातल्या माणसाचे आहे आणि ते बरोबर आहे, फक्त त्यात कराराची एक बाजू मिळवावी. स्पायडर-मॅनच्या चित्रपटांचे हक्क सोनीकडे आहेत आणि ठरावीक मुदतीत नवा चित्रपट काढला नाही तर ते मूळ कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हलकडे परत जातात. त्यामुळे रेमी आणि टोबी मॅग्वायर यांचा चौथा चित्रपट 2010 मध्ये बारगळताच सोनीने थांबण्याऐवजी मार्क वेब आणि अँड्र्यू गारफिल्ड यांना घेऊन 2012 मध्ये नव्याने सुरुवात केली. 2015 मध्ये सोनी आणि मार्व्हल यांचा समझोता झाला आणि टॉम हॉलंड आले. 'फँटास्टिक फोर'चे हक्क टिकवण्यासाठी तर 1990 च्या दशकारंभी अतिशय कमी खर्चात एक संपूर्ण चित्रपट तयार करण्यात आला, आणि तो अधिकृतपणे कधी प्रदर्शितच झाला नाही. कूळकायद्याच्या भीतीने पडीक जमिनीवर नांगर फिरवून ठेवावा, तसाच हा प्रकार होता. मुलांना तिकीट काढून देण्यापूर्वी दिग्दर्शकाचे नाव विचारावे. निदान एवढी सवय लागली तरी पैसे वाया जाण्याचे प्रमाण घटेल.

प्रश्न : लोकांनी डोक्यावर घेतलेल्या कलाकाराची भूमिका त्याच्या हयातीतच दुसऱ्याला देणे हा त्या कलाकाराचा अपमान आहे, असे मला वाटते. आपल्याकडे असे होत नसे.
(एक वाचक, बैलहोंगल)

उत्तर : आपल्याकडे असे होत आले आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या गावापासून फार दूर नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर हे 1843 मध्ये याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. त्यांच्या नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करणारे भाऊराव कोल्हटकर यांच्या गाण्यावर प्रेक्षक इतके लुब्ध होते की, त्यांच्या जागी कोणी उभे राहील ही कल्पनाच असह्य वाटावी. 1901 मध्ये भाऊराव गेले. 1905 मध्ये त्याच मंडळीत नारायणराव राजहंस दाखल झाले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. बालगंधर्वांना आज कोणी 'भाऊरावांची जागा घेणारा' म्हणून ओळखत नाही. हे निधनानंतरचे उदाहरण झाले, असा आक्षेप आपण घ्याल, तर 'नटसम्राट' घ्यावे. 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी गणपतराव बेलवलकर उभे केले आणि पुढे लागू रंगभूमीवर कार्यरत असतानाच दत्ता भट यांनी तीच भूमिका केली. त्यावरून कोण श्रेष्ठ हा वाद मराठी घरांत वर्षानुवर्षे चालला. त्या वादाने नाटकाचे आयुष्य वाढलेच. भूमिका एकाच माणसाच्या नावावर कायमची चढवून ठेवली असती तर ती त्याच्याबरोबरच संपली असती.

प्रश्न : आमच्या पिढीने रविवारची कामे बाजूला सारून 'शक्तिमान' पाहिला. आता त्याच्यावर मोठा चित्रपट काढण्याचे घाटत आहे आणि रणवीर सिंह यांचे नाव ऐकू येते. मुकेश खन्ना यांनी त्याला उघड विरोध केला. आपले मत काय?
(एक गृहिणी, गोकाक)

उत्तर : ताई, या प्रश्नाचे उत्तर लिहिताना आम्हांलाही तटस्थ राहणे अवघड जाते, कारण ती मालिका आम्हीही तितक्याच भक्तिभावाने पाहिली आहे. 1997 मध्ये दूरदर्शनवर ती सुरू झाली आणि 2005 पर्यंत चालली. सीमाभागातील ज्या घरांत केबल पोहोचली नव्हती तेथेही ती पोहोचली. मुकेश खन्ना तत्पूर्वी 'महाभारत'मध्ये भीष्म झाले होते. भीष्मांचा तो भारदस्त आवाज आणि ते नैतिक वजन शक्तिमानला आयते मिळाले, आणि कार्यक्रमाच्या शेवटी तो मुलांना दात घासायला सांगे तेव्हा मुले खरोखर दात घासत. फेब्रुवारी 2022 मध्ये सोनीने चित्रपटाची घोषणा केली आणि मार्च 2024 मध्ये रणवीर सिंह यांच्या नावाला खन्ना यांनी जाहीर नापसंती दर्शवली. मुलांचा आदर्श असलेल्या पात्राला त्या नटाची सार्वजनिक प्रतिमा शोभत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

खन्ना यांची तळमळ खरी आहे. तरीही शक्तिमान म्हणजे फक्त तो सोनेरी-तांबडा वेष नव्हे हे त्यांनीच आपल्या अभिनयाने दाखवले होते. पुढे आलेले दात, जाड चष्मा आणि लांबलचक नाव सांगून समोरच्याला हैराण करणारा गंगाधर, म्हणजे शक्तिमानचे सामान्य माणसातले रूप, हा त्या मालिकेचा निम्मा भाग होता, आणि मुले गंगाधरवर हसत असत म्हणूनच शक्तिमानवर विश्वास ठेवत असत. रणवीर सिंह यांना गंगाधर जमेल याबद्दल आम्हांला शंका नाही. शंका शक्तिमानबद्दल आहे, कारण त्या भूमिकेत स्थिर उभे राहावे लागते आणि स्थिर उभे राहणे हा त्यांचा स्वभाव नाही. तो स्थिरपणा त्यांच्याकडून काढून घेणारा दिग्दर्शक हवा. मल्याळम दिग्दर्शक बेसिल जोसेफ यांचे नाव या संदर्भात बातम्यांतून येत राहिले आहे. त्यांनी 2021 च्या 'मिन्नल मुरली'मध्ये केरळातील एका गावच्या शिंप्याला वीज अंगावर पडून शक्ती मिळाल्याची कथा सांगितली. त्यात गावचा चहावाला, पोलीस ठाणे, जत्रा, सारे काही जिवंत आहे, आणि खलनायक शिबू हा इतका एकाकी माणूस आहे की त्याचा तिरस्कार करणे कठीण जाते. ज्याला खेड्यातील माणूस असा कळतो, त्याच्या हाती गंगाधर सुरक्षित राहील. नटाच्या नावावर भांडण्याआधी दिग्दर्शक कोण ठरतो, ते पाहावे.

प्रश्न : मराठीत सुपरहीरो कधी येणार?
(इयत्ता नववीचा विद्यार्थी, चिकोडी)

उत्तर : येऊन गेला आहे. 2015 मध्ये निखिल महाजन यांनी 'बाजी' केला आणि श्रेयस तळपदे मुखवटा घालून घोड्यावर बसले. प्रयत्न धाडसी होता, प्रतिसाद बेताचा मिळाला. सुपरहीरो नसला तरी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा आपला नायक आहे, आणि त्याच्यावरचा 2017 चा चित्रपट हे मराठीतील नव्याने सुरुवात करण्याचे उत्तम उदाहरण मानावे. पुस्तकांत तो फुरसुंगीचा शाळकरी पोरगा आहे. 1980 च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी तो साकारला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी त्याला मोठा करून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आणले आणि अमेय वाघ यांना घेतले. 'फेणे एवढा मोठा कसा?' अशी तक्रार करणारे वडीलधारे तुझ्याही घरी असतील. त्यांना सांग की दिलीप प्रभावळकर यांना त्याच चित्रपटात भा. रा. भागवत म्हणून उभे करून दिग्दर्शकाने मूळ लेखकाचा मान राखला आहे. आणि पुस्तके आधी वाच.

प्रश्न : आम्ही हे चित्रपट हिंदीत पाहतो. नट बदलला की आवाज बदलतो, कधी नट तोच राहून आवाज बदलतो. मग आमच्यासाठी कोणाची निवड महत्त्वाची?
(एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : सर्व पत्रांत आम्हांला सर्वाधिक आवडलेला प्रश्न हा आहे. रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांचा आयर्न मॅन हिंदीत राजेश खट्टर यांच्या आवाजात बोलतो, आणि तो मिश्कील, किंचित आढ्यताखोर सूर ज्याच्या कानात बसला आहे त्याच्यासाठी आयर्न मॅन म्हणजे निम्मे खट्टर. याउलट 2018 मध्ये 'डेडपूल 2'च्या हिंदी आवृत्तीसाठी प्रसिद्धीच्या हिशेबाने रणवीर सिंह यांचा आवाज घेतला, तेव्हा पडद्यावर डेडपूल दिसत होता आणि ऐकू रणवीर येत होते. आवाजाचीही पात्रनिवड असते आणि तिच्यासाठीही दिग्दर्शक लागतो, हे वितरकांच्या अजून पुरते ध्यानात आलेले नाही.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. कर्नाटकात इतर भाषांतील चित्रपट कन्नडमध्ये डब करण्यावर अनेक दशके अघोषित बंदी होती. 2015 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने तिच्याविरुद्ध निर्णय दिला, तेव्हा कोठे वाट मोकळी होऊ लागली. मराठीत अशी बंदी नव्हती, तरी कोणी मनावर घेतले नाही. परिणामी घरी मराठी, बाजारात कन्नड आणि स्पायडर-मॅन मात्र हिंदीत, अशी आपल्या मुलांची वाटणी झाली. 2023 च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या ॲनिमेशनपटाच्या वेळी मराठी आणि कन्नडसह दहा भाषांची घोषणा झाली होती. त्यातील भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकरला हिंदी आणि पंजाबीत क्रिकेटपटू शुभमन गिल यांनी आवाज दिला. गिल यांच्या कव्हर ड्राइव्हबद्दल आम्हांला नितांत आदर आहे.

प्रश्न : 'क्रिश 4'चे दिग्दर्शन हृतिक रोशन स्वतः करणार, असे मार्च 2025 मध्ये जाहीर झाले. नायक आणि दिग्दर्शक एकच असेल तर आपला सिद्धांत कोठे उरतो?
(अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : तेथे तो उलट अधिक कसाला लागतो. राकेश रोशन यांनी 2003 मध्ये 'कोई... मिल गया'पासून ही मालिका सुरू केली. 2006 आणि 2013 च्या पुढील भागांचे दिग्दर्शनही त्यांनीच केले. आजवर मुलाकडून काम करून घेणारी, हे पुरे, हे पुन्हा कर, असे सांगणारी नजर वडिलांची होती. आता ती नजर नटाला स्वतःवरच वळवावी लागेल.

हॉलिवुडमध्ये असा एक बेत आखून सोडून दिला गेला. बेन अॅफ्लेक बॅटमॅनच्या नव्या चित्रपटात भूमिका आणि दिग्दर्शन दोन्ही करणार होते. 2017 च्या आरंभी त्यांनी दिग्दर्शन सोडले. त्यांच्या जागी आलेल्या मॅट रीव्ज यांनी पटकथा मुळापासून नवी लिहिली, तिच्यातील बॅटमॅन दुसऱ्याच वर्षात चाचपडणारा, तरुण आणि झोप हरवलेला असा झाला, आणि त्या बॅटमॅनमध्ये अॅफ्लेक बसेनात. म्हणून रॉबर्ट पॅटिन्सन आले. 'ट्वायलाइट'मधला रक्तपिपासू प्रियकर आता बॅटमॅन होणार, म्हणून त्यांच्याविरुद्धही आवाज उठला. 2022 मध्ये चित्रपट आल्यावर तो बराचसा शमला. म्हणजे दिग्दर्शक बदलला, त्याने कथा बदलली आणि कथेने नट बदलला, असा तो क्रम आहे. हृतिक यांच्याबाबतीत हा क्रम सुरू होण्यापूर्वीच नट ठरलेला आहे, तेव्हा कथा वयाने वाढलेल्या नायक कृष्णाची असणार की विशीतल्या मुखवट्याची, एवढेच आता पाहायचे. पहिली असेल तर आम्ही तिकीट काढू. दुसरी असेल तर समीक्षा वाचून ठरवू.